प्रौढ विद्यार्थी आणि ऑनलाइन गटकार्य

शाळा-महाविद्यालय सोडून वीस-पंचवीस वर्षे लोटल्यानंतर पुन्हा अभ्यासाला बसणारी माणसे आता गावोगावी आढळतात. दिल्लीचे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ १९८५ साली आणि नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ साली स्थापन झाले, तेव्हा पुस्तके घरी न्यावयाची आणि सुटीच्या दिवशी अभ्यासकेंद्रावर संपर्कवर्गाला बसावयाचे, अशी रीत होती. २०१७ साली केंद्र शासनाने 'स्वयम्' हे ऑनलाइन शिक्षणाचे दालन खुले केले. त्याच वर्षी शिक्षण हक्क कायद्यात दुरुस्ती झाली व सेवेतील अप्रशिक्षित प्राथमिक शिक्षकांना ३१ मार्च २०१९ पर्यंत पात्रता मिळविणे आवश्यक ठरले. त्यासाठी देशातील लक्षावधी शिक्षक या दालनावर स्वतःच विद्यार्थी झाले.

ऑनलाइन शिक्षणात एकट्याने स्वाध्याय लिहिणे प्रौढांना फारसे जड जात नाही. रात्री मुले झोपल्यावर किंवा पहाटे ते होऊन जाते. खरी कसोटी लागते ती चार-पाच जणांनी मिळून प्रकल्प करावा असे सांगितले जाते तेव्हा. अभ्यासक्रम अर्धवट सोडण्याचा विचार पुष्कळांच्या मनात प्रथम याच टप्प्यावर डोकावतो.

समजा, गावातील घनकचरा व्यवस्थापन हा प्रकल्पाचा विषय आहे आणि गटात पाच जण आहेत. पेडण्याकडील एक अंगणवाडी सेविका, फोंड्याचा एक बसवाहक, एका पंचायतीतील कारकून, बेळगावात दुकानाचे हिशेब लिहिणारे एक गृहस्थ आणि निवृत्तीला आलेले एक शिक्षक. सेविकेला दुपारी तीननंतर तासभर सवड मिळते. त्या वेळी वाहक गाडीवर असतो. वाहक रात्री साडेनऊला घरी पोचतो, तेव्हा सेविकेच्या घरी जेवणाची पाने वाढलेली असतात. दुकानाला सुटी सोमवारी, तर पंचायतीला रविवारी. पाचही जण कामसू आहेत. तरीही तीन आठवडे लोटतात आणि व्हॉट्सॲपच्या गटावर 'नमस्कार', 'शुभ सकाळ' आणि 'केव्हा भेटू या?' यापलीकडे मजकूर दिसत नाही.

अशा वेळी दोष सहसा मोबाईलला दिला जातो. संदेशवहनाची अडचण खोटी नाही. २०२० साली टाळेबंदीच्या काळात सांगे तालुक्यातील काही गावांत विद्यार्थ्यांना पाठ ऐकण्यासाठी डोंगर चढून जावे लागले होते. परंतु गटकार्य बिघडण्याचे मूळ बहुधा दुसरीकडे असते. गोव्यातील गावांत जत्रेला नाटक बसविले जाते. तालमीला कोण आले नाही, कोणाचे पाठांतर कच्चे आहे, हे मांडवात बसलेल्या सर्वांना दिसते. घरी आजारपण असेल तर तेही कानावर येते आणि त्याची भूमिका दुसरा सांभाळून घेतो. ऑनलाइन गटात यांपैकी काहीच दिसत नाही. माणूस गप्प असतो एवढेच कळते. तो आळसाने गप्प आहे, सासऱ्यांना इस्पितळात घेऊन बसला आहे की आपल्याला टंकलेखन येत नाही हे सांगावयाला लाजतो आहे, हे कळण्यास मार्ग नसतो. मग इतर चौघे आपापल्या स्वभावाप्रमाणे तर्क करतात व मने कलुषित होतात.

यातील लाजेचा भाग प्रौढांच्या बाबतीत विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. अठरा वर्षांचा विद्यार्थी 'मला जमत नाही' असे सहज म्हणून टाकतो. पंधरा वर्षे कचेरी सांभाळलेल्या माणसाला ते चारचौघांत म्हणवत नाही. तो 'पाहतो', 'करतो' म्हणतो आणि मागे पडत जातो. दुसऱ्या बाजूस मानाचा प्रश्न असतो. निवृत्तीला आलेल्या गुरुजींच्या लिखाणात चूक दिसली तरी धाकटी मंडळी ती दाखवीत नाहीत. एकाच खात्यातील अधिकारी व त्यांचा कनिष्ठ सहकारी एका गटात आले तर अवघडलेपणाला सीमाच राहत नाही. कनिष्ठाने साहेबांच्या वाट्याचेही काम निमूटपणे करून टाकावे, असे अशा वेळी घडू शकते. त्याने दोघांचेही शिक्षण बुडते.

शेवटच्या आठवड्यात गटातील कोणीतरी एक जण, आणि पुष्कळदा ती स्त्री असते, रात्री जागून सर्वांचे काम पुरे करते. गुण पाचही जणांना सारखे मिळतात. काम करणारीच्या मनात अढी बसते आणि गप्प राहिलेला पुढच्या सत्राला नाव नोंदवीत नाही.

समूहात माणूस हात का आखडतो, याचा अभ्यास जुना आहे. मॅक्स रिंगेलमान या फ्रेंच कृषी अभियंत्याने माणसांना दोर ओढावयास लावून त्यांचे बळ मोजले. त्याचे निष्कर्ष १९१३ साली प्रसिद्ध झाले. माणसे वाढत गेली तसे प्रत्येकाच्या वाट्याचे बळ घटत गेले आणि आठ जणांच्या गटात ते निम्म्यावर आले. कारणे दोन होती. सर्वांचा जोर एका क्षणी लागत नव्हता, आणि दुसरे ओढीतच आहेत ही भावना मनात होती. अमेरिकेत लाताने, विल्यम्स व हार्किन्स यांनी १९७९ साली टाळ्या व आरोळ्यांचा प्रयोग करून हीच गोष्ट दाखविली. दोन वर्षांनी त्यांनी पुढचा प्रयोग केला, तो अधिक उपयोगाचा आहे. आपला आवाज स्वतंत्रपणे मोजला जात आहे असे ज्यांना वाटत होते, त्यांनी गटातही हात आखडता घेतला नाही. कोणी काय केले हे दिसू लागले की काम होते, असा त्याचा सरळ अर्थ.

यास्तव गट जमताच पहिल्या दिवशी विषयाची चर्चा न करता प्रत्येकाने दोन गोष्टी लिहून द्याव्यात : आठवड्यातील आपली मोकळी वेळ आणि आपल्याला न जमणारे काम. सर्वांनीच लिहावयाचे असल्याने कोणाला कमीपणा येत नाही. मग वाटणी सोपी होते. वाहकाने पाच गावांतील कचरापेट्या गाडीवरून जाता-येता पाहून नोंदवाव्यात, कारकुनाने पंचायतीचे ठराव मिळवावेत, सेविकेने घरोघरी विचारपूस करावी, हिशेबनीसाने आकडे जुळवावेत, गुरुजींनी भाषा तपासावी. प्रत्येक कामापुढे एकच नाव आणि एकच तारीख असावी. 'सर्वांनी मिळून' असे जेथे लिहिले जाते, ते काम कोणीच करीत नाही. तारीख चुकणार असेल तर दोन दिवस आधी 'या आठवड्यात होणार नाही' एवढे चार शब्द लिहावेत आणि त्यावर कोणी कारण विचारू नये.

गट लहान असणे इष्ट. पाच जणांत परस्पर संवादाच्या जोड्या दहा होतात, आठ जणांत त्या अठ्ठावीस होतात. सर्वांनी एकत्र बोलण्याची बैठक आठवड्यातून एकदा, अर्ध्या तासाची पुरे. बाकीचे काम ज्याने त्याने आपल्या सवडीने करावे. टंकलेखन अवघड वाटणाऱ्याने बोलून ध्वनिसंदेश पाठवावा. मात्र ठरलेली गोष्ट कोणीतरी दोन ओळींत लिहून ठेवावी. ध्वनिसंदेशात काय ठरले हे महिन्यानंतर शोधणे म्हणजे गवताच्या गंजीत सुई शोधणे होय.

मराठीत काम करणाऱ्या गटांना आणखी एक विघ्न भेटते. जुन्या पद्धतीच्या टंकांत लिहिलेला मजकूर तो टंक नसलेल्या संगणकावर उघडला की अक्षरांच्या जागी निरर्थक चिन्हे उमटतात व दोन दिवसांची मेहनत वाया गेल्यासारखी वाटते. सर्वांनी प्रारंभापासून युनिकोड वापरल्यास हा प्रसंग येत नाही. तसेच 'अंतिम', 'अंतिम दोन' आणि 'खरोखर अंतिम' अशा नावांच्या प्रती एकमेकांना पाठवीत बसण्यापेक्षा सर्वांना उघडता येईल असा एकच सामायिक दस्तऐवज ठेवावा. गूगल डॉक्ससारख्या सोयीत कोणता बदल कोणी व केव्हा केला हे नोंदले जाते आणि चुकून पुसलेला मजकूर परत आणता येतो. दुसऱ्याचे वाक्य थेट खोडण्याऐवजी बाजूला टिपण लिहिण्याची सोयही तेथे असते. गुरुजींच्या वाक्यावर शंका काढणे त्यामुळे पुष्कळच सुसह्य होते.

अभ्यासकेंद्रांतील समंत्रकांनीही थोडी काळजी घ्यावयास हवी. गुणांचा काही भाग गटाला व काही भाग प्रत्येकाच्या स्वतंत्र कामाला दिल्यास तक्रारी कमी होतात. प्रकल्पाच्या मध्यावर प्रत्येकाकडून 'मी आतापर्यंत काय केले' असे अर्धे पान मागविले, तर मागे पडलेला विद्यार्थी वेळीच लक्षात येतो. अधिकारी व त्यांचे कनिष्ठ यांना शक्यतो वेगळ्या गटांत घालावे.

प्रकल्प सादर करण्याची मुदत रात्री बाराची असली तरी गटाने आपली तारीख दोन दिवस अलीकडची धरावी. पावसाळ्यात वीज गेली, संदेशवहन तुटले किंवा छायाचित्रांमुळे फाईल मोठी होऊन चढेनाशी झाली, तर तेवढा अवधी हाताशी राहतो. सादर केल्याची पोच मिळताच तिची प्रत पाचही जणांकडे पाठवून द्यावी.