‘पत्करणें’ आणि ‘पदरीं घेणें’

पाठ : रोम १०:८–१०, १ योहान १:८–१०, योहान ९:१८–२३.

आपल्या मराठी शास्त्रांत मत्तय १०:३२ येथें ख्रिस्ताला मनुष्यांसमोर ‘पत्करणें’, रोम १०:९ येथें मुखानें ‘कबूल करणें’, व १ योहान १:९ येथें पापें ‘पदरीं घेणें’ असे तीन शब्द आढळतात. वाचणाऱ्यास वाटतें कीं हे तीन निराळे विषय असावेत. परंतु मूळ ग्रीक भाषेंत तिन्ही ठिकाणीं क्रियापद एकच आहे, ‘होमोलोगेओ’. ‘होमोस’ म्हणजे तोच, सारखा. ‘लेगो’ म्हणजे मी बोलतों. दुसरा जें बोलतो तेंच मीही बोलतों, असा त्याचा मूळ अर्थ. येथें दुसरा म्हणजे देव. तो आपल्या पुत्राविषयीं जें बोलला व माझ्याविषयीं जें बोलला, त्या दोहोंस माझ्या तोंडानें रुजुवात द्यावयाची आहे.

भाषांतरकारांस दोष देण्याचें कारण नाहीं. मराठींत एका शब्दानें भागलें नसतें. ‘कबूल’ हा शब्द अरबींतून येऊन कचेरींत रुळला. कूळ जमीनदारास लिहून देई ती ‘कबुलायत’, आरोपी देतो तो ‘कबुलीजबाब’. दोहोंतही थोडा धाक आहेच. ‘पदरीं घेणें’ हा मात्र घरचा शब्द. पदरांत घेतलेली वस्तु आपली होते, तिचें ओझेंही आपलें. योहानाच्या त्या वचनास याहून चांगला शब्द मिळाला नसता असें मला वाटतें.

आतां आपली प्रार्थना पाहा. “प्रभो, आमच्या हातून पुष्कळ चुका झाल्या,” असें आपण म्हणतों. मीही वर्षानुवर्षें म्हणत आलों आहें. चूक ‘झाली’! पाऊस झाला, उशीर झाला, तशी चूकही झाली. करणारा कोण तें सांगावेंच लागत नाहीं. याच्या शेजारीं यहोशवा ७:२१ ठेवा. आखान म्हणतो कीं मीं पाहिलें, मला लोभ सुटला, मीं घेतलें. एक झगा, दोनशें शेकेल रुपें, पन्नास शेकेल वजनाची सोन्याची वीट, सर्व तो मोजून सांगतो, आणि तंबूंत कोठें पुरलें तेंही सांगतो. त्याचा शेवट भयंकर झाला हें खरें. पण बोलणें असें असतें.

दुसरी बाजू योहान ९ मध्यें आहे. जन्मांध मनुष्याच्या आईबापांनीं खोटें सांगितलें नाहीं. हा आमचा मुलगा, हा आंधळाच जन्मला, या दोन्ही गोष्टी खऱ्या. पुढची गोष्ट मात्र त्यांनीं मुलावर ढकलली, कारण येशूला ख्रिस्त म्हणून पत्करणाऱ्यास सभास्थानांतून घालवावें असें ठरलें होतें. २२ व्या वचनांत तेंच क्रियापद आहे. वाळीत पडण्याची भीति काय असते हें खेड्यांतील मंडळीस निराळें सांगावयास नको. महाराष्ट्रांत २०१६ च्या कायद्यानें सामाजिक बहिष्कार हा गुन्हा ठरला आहे, तरी शेजारणीनें बोलणें टाकलें तर कोणत्या कायद्यास दिसणार? म्हणून त्या आईबापांस मी चटकन् दोष देत नाहीं. तरी खोटें न बोलतांही गप्प राहतां येतें, हें त्यांजकडून शिकावें.

उपदेशक बंधूंनो, बाप्तिस्म्याच्या वर्गांत “कबूल आहे काय?” असें विचारलें कीं सर्वजण एका सुरांत “आहे” म्हणतात. त्याऐवजीं एकेकास विचारा, “देव तुमच्याविषयीं काय म्हणतो, तें तुमच्या शब्दांत सांगा.” एका वर्गांत मीं हाच प्रश्न एका वृद्ध आजीबाईंस केला. पुष्कळ वेळ त्या खालीं पाहत होत्या. मग म्हणाल्या, “देव म्हणतो, तूं सुनेला अर्ध्या पोटी निजवलंस. खरं आहे. निजवलं मी.” सून तेथेंच बसली होती.