फुफ्फुसाच्या ऑपरेशननंतर आयसीयू मागावा का?

प्रश्न : माझे वडील ६४ वर्षांचे आहेत. उजव्या फुफ्फुसाच्या वरच्या कप्प्यात कर्करोगाची गाठ निघाली, म्हणून तो कप्पा काढायचं ठरलं आहे. सर्जन म्हणतात, एक रात्र एचडीयूत ठेवू आणि दुसऱ्या दिवशी वॉर्डात हलवू. आमच्या शेजाऱ्यांच्या एका नातेवाइकांना मात्र अशाच ऑपरेशननंतर तीन दिवस आयसीयूत ठेवलं होतं. आम्हीही आग्रह धरावा का? पैशांचं आम्ही बघू, पण हयगय नको. — एक वाचक, सांगली

उत्तर : आयसीयू न देणं म्हणजे हयगय नव्हे, हे आधी सांगतो. आयसीयू मुळात कशासाठी निघाला, ते पाहा. १९५२ साली कोपनहेगनमध्ये पोलिओची मोठी साथ आली. श्वासाचे स्नायू लुळे पडलेल्या रुग्णांना वैद्यकीय विद्यार्थी पाळीपाळीनं, रात्रंदिवस हातानं पिशवी दाबून श्वास देत राहिले. त्या अनुभवातून डॉ. बियॉर्न इब्सेन यांनी पुढच्याच वर्षी तिथे अतिदक्षता कक्ष, म्हणजे आयसीयू, सुरू केला. ज्यांचा श्वास दुसऱ्या कुणी चालवावा लागतो, त्यांच्यासाठी ही सोय जन्माला आली.

भूल देताना श्वासासाठी घातलेली तुमच्या वडिलांच्या घशातली नळी बहुधा थिएटरमध्येच काढतील आणि ते स्वतः श्वास घेत बाहेर येतील. त्यानंतर त्यांना गरज असते ती बारीक लक्षाची : ऑक्सिजन, नाडी, रक्तदाब, छातीतल्या नळीतून येणारं रक्त नि हवा, आणि वेदना. एचडीयू, म्हणजे आयसीयू आणि वॉर्ड यांच्या मधल्या पायरीचा कक्ष, त्यासाठीच असतो. युरोपातल्या श्वसनविकारतज्ज्ञांच्या आणि छातीच्या सर्जनांच्या संघटनांनी २००९ साली मिळून मार्गदर्शक सूचना काढल्या. छातीच्या ऑपरेशननंतर सरसकट सगळ्यांना आयसीयूत ठेवू नये, अवयव निकामी होऊन आधार द्यावा लागेल त्यांना मात्र तिथेच न्यावं, असं त्यांत म्हटलं आहे.

शेजाऱ्यांच्या नातेवाइकांचे कागद मी पाहिलेले नाहीत. पण ‘अशाच ऑपरेशन’मध्येही पुष्कळ फरक असतो. उजव्या फुफ्फुसाला तीन कप्पे असतात, डाव्याला दोन. एक कप्पा काढणं वेगळं आणि अख्खं फुफ्फुस काढणं वेगळं. अख्खं काढलं तर उरलेल्या एकट्या फुफ्फुसात पाणी भरण्याची धास्ती असते, सलाईनसुद्धा हात राखून द्यावं लागतं. दुर्बिणीतून केलेलं ऑपरेशन आणि फासळ्या फाकवून केलेलं, यांतही फरक पडतो. शिवाय आधीच्या तपासण्या असतात. जोरात फुंकल्यावर पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडते आणि फुफ्फुसातून वायू रक्तात किती चांगला उतरतो, हे दोन्ही आकडे अपेक्षित मापाच्या ८० टक्क्यांहून जास्त असतील आणि हृदय ठीक असेल, तर जोखीम कमी धरतात. आकडे खालावलेले असतील, हृदयविकार किंवा किडनीचा त्रास असेल, तर वरच्या पातळीची देखभाल आधीच ठरवून ठेवतात.

पैशांची तयारी आहे म्हणून आयसीयू मागू नका, कारण त्याची किंमत बिलापुरती नसते. अखंड उजेड आणि यंत्रांचे आवाज यांत झोप उडते, वयस्कर माणूस भ्रमात जातो, जंतुसंसर्गाची शक्यता वाढते आणि उठून बसणं, चालणं लांबतं. फुफ्फुस तर बसल्यानं, चालल्यानं आणि खोकून कफ काढल्यानंच फुलतं.

तुम्ही पहिल्या रात्रीची काळजी करता आहात. मी तुम्हाला दुसऱ्या-तिसऱ्या दिवसाकडे लक्ष द्यायला सांगेन. हृदयाचे ठोके एकाएकी अनियमित होणं, कफ अडकून फुफ्फुसाचा भाग बसणं, न्यूमोनियाची सुरुवात, हे बरेचदा तेव्हा होतं आणि तोवर रुग्ण वॉर्डात असतो. अमेरिकेत २००९ साली ८४ हजारांहून अधिक रुग्णांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ऑपरेशनं पोटाची आणि रक्तवाहिन्यांची होती, पण धडा इथेही लागू पडतो. सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त मृत्यू होणाऱ्या रुग्णालयांत २४.६ ते २६.९ टक्के रुग्णांना गुंतागुंत झाली, मृत्यूंचं प्रमाण मात्र अनुक्रमे ३.५ आणि ६.९ टक्के, म्हणजे जवळपास दुप्पट. बिघाड दोन्हीकडे सारखाच होत होता. तो वेळेत ओळखून सावरण्यात फरक होता.

म्हणून सर्जनना हे विचारा : वॉर्डातल्या सिस्टरांना छातीच्या नळीची सवय आहे का? रात्री किती वेळानं तपासतात? रात्री दोन वाजता नाडी बिघडली तर कोण येणार आणि किती मिनिटांत? थिएटरमध्ये बेत बदलला, तर आयसीयूत खाट मिळेल ना? फिजिओथेरपिस्ट रोज येतात का? उत्तरं समाधानकारक असतील, तर एचडीयूचा बेत निर्धास्तपणे मान्य करा. वॉर्डात रात्री पाहायला कुणी नसेल, तर एचडीयूतला मुक्काम एका दिवसानं वाढवा, असा आग्रह जरूर धरा.

तुम्ही स्वतः जवळ असाल, तेव्हा नळीची बाटली छातीच्या पातळीखालीच राहू द्या. श्वासाच्या व्यायामासाठी दिलेलं तीन चेंडूंचं यंत्र फुंकायचं नसतं, त्यातून हवा आत ओढायची असते. बरेच जण इथेच चुकतात. दुखतं म्हणून वडील खोकला दाबून धरत असतील, तर सिस्टरांना लगेच सांगा. वेदना वाढल्या, धाप लागली किंवा ते असंबद्ध बोलू लागले, तर राउंडची वाट पाहू नका. वडिलांचं नेहमीचं बोलणं, नेहमीचा श्वास तुमच्याइतका कुणालाच ठाऊक नाही; तो बदलला की तुम्हालाच आधी कळेल.