सापाचा दंश : डॉक्टरांच्या पुस्तकातली आपली पाने



दवाखान्यात डॉक्टरांच्या टेबलावर पुस्तके असतात. ती इंग्रजीत असतात आणि ती आपल्यासाठी नसतात, असे आपण धरून चालतो. या वेळच्या आरोग्य पानावर आम्ही त्यातलेच एक पुस्तक उघडणार आहोत. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने सर्पदंशाच्या उपचारासाठी डॉक्टरांना दिलेली ही मार्गदर्शिका आहे. तिच्यातले औषधोपचार डॉक्टरांनी करायचे आहेत. पण उपचाराची सुरुवात दवाखान्यात होत नाही. ती बांधावर, चिकूच्या वाडीत, पाड्यावरच्या घरात होते, आणि तिथे डॉक्टर नसतात, आपण असतो. म्हणून त्या पुस्तकातली काही पाने आपली आहेत.

हा धडा आताच का?

डहाणू-तलासरीत आवणी सुरू झाली की माणसे दिवसभर चिखलात आणि गवतात असतात. भातकापणीला आणि गवतकापणीला हात थेट पेंढ्यांत जातो. रात्री बरीच घरे जमिनीवरच अंथरूण टाकतात. नेमक्या याच दिवसांत सापही बाहेर असतो. देशभरातील मृत्यूंच्या एका मोठ्या अभ्यासानुसार २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सुमारे १२ लाख माणसे सर्पदंशाने गेली. म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. त्यातले निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतले होते.

त्याआधीच्या, २००१ ते २००३ या काळाच्या पाहणीतला एक आकडा मात्र आम्हाला जास्त अस्वस्थ करतो. सर्पदंशाने मेलेल्या दर शंभर जणांपैकी ७७ जण दवाखान्याबाहेर मेले होते. औषध होते, पण माणूस औषधापर्यंत पोहोचला नव्हता.

आपल्या भागाचाही अभ्यास झाला आहे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या मुंबईतील प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेच्या संशोधकांनी डहाणू तालुक्यातील आदिवासी बांधव, भगत, सर्पमित्र आणि आरोग्य कर्मचारी यांच्याशी बोलून २०२१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. चिंचोक्याने किंवा लोहचुंबकाने विष उतरते, असा समज लोकांत आढळला. त्याच अभ्यासात गावपातळीवरच्या आरोग्य कर्मचाऱ्यांची प्रथमोपचाराची माहिती तोकडी आढळली, आणि वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या ज्ञानातही उणिवा दिसल्या. तेव्हा एकट्या अडाणी माणसाला दोष देऊन चालणार नाही. शिकायचे आपल्या सर्वांनाच आहे.

पुस्तक रुग्णाच्या खाटेशी तयार होते

वैद्यकाची पुस्तके दूर कुठेतरी, मोठ्या शहरातच लिहिली जातात असे नाही. कोकणातलेच उदाहरण घ्या. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ मध्ये महाडजवळच्या बिरवाडी आरोग्य केंद्रात रुजू झाले. तिथे लाल विंचू चावलेली माणसे, त्यातही लहान मुले, त्यांच्या डोळ्यांसमोर दगावत होती. ते रुग्णाजवळ बसून राहिले. घाम, नाडी, रक्तदाब, श्वास यांची तासातासाला नोंद करत गेले. विषाचा घाव हृदयावर बसतो, हे त्यांनी ओळखले. त्यांची निरीक्षणे १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’ या जगप्रसिद्ध नियतकालिकात छापून आली. पुढे त्यांनी प्राझोसिन हे रक्तदाबाचे साधे, स्वस्त औषध विंचूदंशावर वापरले आणि मृत्यूचे प्रमाण कमालीचे घटले. आज जगातले डॉक्टर विंचूदंशाबद्दल जे वाचतात, त्यात कोकणातल्या खेड्यांतल्या रुग्णांचा वाटा आहे. डहाणूच्या वरील अभ्यासातही डॉ. बावस्कर सहभागी होते.

चार साप, दोन तऱ्हेचे विष

आपल्याकडे माणूस दगावतो तो मुख्यतः चार सापांमुळे : नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे.

नाग आणि मण्यार यांचे विष नसांवर काम करते. पापण्या जड होतात, एकाचे दोन दिसू लागतात, गिळता येत नाही, बोलणे अडखळते, मान धरवत नाही आणि शेवटी श्वास थांबतो. यात मण्यार जास्त फसवी. ती बहुधा रात्री, झोपलेल्या माणसाला चावते. दुखत नाही, सूज येत नाही, दाताची खूणही कित्येकदा दिसत नाही. पहाटे पोट दुखते, उलटी होते, घसा धरतो. घरचे म्हणतात, ‘रात्रीचे जेवण बाधले.’ आम्ही आग्रहाने सांगतो : पावसाळ्यात जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोटदुखीने उठला आणि त्याच्या पापण्या मिटू लागल्या, तर मण्यार चावली आहे असे समजूनच निघा.

घोणस आणि फुरसे यांचे विष रक्तावर काम करते. चावल्या जागी जबर दुखते, सूज वर चढत जाते. हिरड्यांतून, जुन्या जखमेतून, लघवीतून रक्त जाते. घोणशीच्या विषाने मूत्रपिंडही बंद पडू शकते. म्हणून लघवी कमी झाली, लाल झाली, तर ते डॉक्टरांना लगेच सांगायचे.

आपली पाने : पहिला तास

मार्गदर्शिका आपल्याकडून फार थोड्या गोष्टी मागते. त्या अशा :

१. धीर द्या. बरेच साप बिनविषारी असतात, आणि विषारी साप चावला तरी दर वेळी विष अंगात जातेच असे नाही. रुग्णाला पळवू नका, चालवू नका.

२. अंगठी, बांगड्या, जोडवी, पैंजण, काळा दोरा लगेच काढा. सूज चढल्यावर ते मांसात रुततात.

३. चावलेला हात किंवा पाय हलू देऊ नका. मोडलेल्या हाडाला बांधतो तशी फळी किंवा काठी लावून कापडाने सैलसर बांधा. आवळू नका.

४. वाहनात घाला आणि निघा. १०८ ला फोन करा. गाडी पाड्यापर्यंत येणार नसेल तर रस्त्यापर्यंत झोळीतून न्या. मोटारसायकलच असेल, तर रुग्णाला मध्ये बसवा आणि मागे धरायला एक माणूस बसवा.

५. किती वाजता चावले, काय काय त्रास झाला, गावात काय उपचार केले, हे सारे डॉक्टरांना खरे सांगा. झाडपाला दिला असेल तर तेही लपवू नका.

आणि या गोष्टी करू नका : दोरीने आवळून बांधणे, ब्लेडने चिरणे, तोंडाने विष ओढणे, जखम चोळणे, बर्फ किंवा मिरची लावणे, दारू पाजणे. आवळून बांधल्याने विष थांबत नाही. रक्त मात्र थांबते आणि हात-पाय सडू शकतो. कोणी आधीच घट्ट बांधले असेल, तर वाटेत एकदम सोडू नका. ते दवाखान्यात डॉक्टरांसमोर सोडायचे.

साप कोणता, याचा शोध नको

विषारी बाण लागलेल्या माणसाचा दृष्टान्त तथागतांनी मालुंक्यपुत्ताला दिला, तो आपल्याला माहीत आहे. बाण कोणी मारला, तो कोणत्या कुळाचा, धनुष्य कशाचे, हे कळेपर्यंत बाण काढू देणार नाही म्हणणारा माणूस उत्तर मिळण्याआधीच मरतो. सर्पदंशात आपण अगदी असेच वागतो. चार जण काठ्या घेऊन साप शोधत बसतात. त्यात अर्धा तास जातो, कधी दुसऱ्यालाही दंश होतो.

सापाची लस, म्हणजे डॉक्टर जिला एएसव्ही म्हणतात ती, वरच्या चारही सापांच्या विषावर मिळून एकच असते. या सापांचे विष थोडे थोडे घोड्याला टोचतात, घोड्याच्या रक्तात त्याविरुद्ध प्रतिकारद्रव्य तयार होते, त्यापासून ही लस बनवतात. डॉक्टर लक्षणांवरून उपचार ठरवतात. मेलेला साप पिशवीत घालून नेण्याची गरज नाही. साप समोरच असेल तर दुरून मोबाइलवर फोटो काढा. नसेल तर निघा.

दवाखान्यात काय होते, आणि का

इथे नातेवाइकांचे गैरसमज होतात. पुस्तकात काय लिहिले आहे ते माहीत असले, की भांडण टळते आणि योग्य प्रश्नही विचारता येतो.

‘नुसते रक्त काढून ठेवले, इंजेक्शन देत नाहीत.’ ही तपासणी वीस मिनिटांची असते. स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत थोडे रक्त घेऊन ते वीस मिनिटे न हलवता ठेवतात. मग नळी तिरकी करतात. रक्त गोठले नाही, पाण्यासारखे वाहिले, तर विष रक्तात भिनले आहे. पहिल्यांदा गोठले तरी ही तपासणी ठरावीक वेळाने पुन्हा करावी लागते.

‘शेजाऱ्याला लस दिली, आमच्या माणसाला नाही.’ विषाची लक्षणे दिसली तरच लस देतात. ती घोड्याच्या रक्तापासून बनते, म्हणून काहींना तिची रिॲक्शन येते. अंगावर गांधी उठतात, थंडी वाजते, कधी रक्तदाब उतरतो, दम लागतो. यावरचे ॲड्रेनॅलिनचे इंजेक्शन हाताशी ठेवूनच लस देतात. रिॲक्शन आली तर लस थांबवतात, उपचार करतात आणि पुन्हा चालू करतात. रिॲक्शनच्या भीतीने गरजू रुग्णाला लस नाकारणे पुस्तकाला मान्य नाही.

‘एवढ्याशा लेकराला दहा बाटल्या?’ होय. सुरुवातीला साधारण दहा व्हायल सलाइनमधून तासाभरात देतात, आणि मुलाला मोठ्या माणसाएवढीच मात्रा देतात. सापाने मूल लहान म्हणून विष कमी सोडलेले नसते. गरोदर बाईलाही हीच लस देतात.

‘काही झाले नाही, घरी जातो.’ नाही. लक्षणे नसली तरी चोवीस तास देखरेखीखाली राहायचे. मण्यारीची लक्षणे उशिराही दिसतात.

आणखी एक गोष्ट मनावर कोरून ठेवा. मण्यार किंवा नाग चावलेल्या माणसाचे डोळे उघडत नाहीत, हात उचलत नाही, बोलता येत नाही. तरी तो आतून शुद्धीत असू शकतो, आपले रडणे ऐकत असतो. त्याला मेला समजू नका. फुग्याने किंवा यंत्राने श्वास देत राहिले, तर असे रुग्ण बरे होऊन पायांनी घरी जातात.

पुढे पाठवताना

आरोग्य केंद्रातून कासा किंवा डहाणूच्या उपजिल्हा रुग्णालयात, तलासरीकडून कधी सिल्वासा किंवा वलसाडला रुग्ण पाठवावा लागतो. अशा वेळी शांतपणे तीन गोष्टी विचारा. लसीची पहिली मात्रा दिली का? किती व्हायल, किती वाजता, हे चिठ्ठीवर लिहिले का? वाटेत श्वास अडला तर फुगा दाबणारे कोणी सोबत आहे का? हे विचारणे म्हणजे डॉक्टरांशी भांडणे नव्हे. नेमके हेच करावे असे त्यांचे पुस्तकही सांगते.

घरी आल्यावर आठवड्या-दोन आठवड्यांत ताप, सांधेदुखी, खाज सुरू झाली किंवा लघवी कमी झाली, तर पुन्हा दाखवा. पहिले कागद सोबत न्या.

भगताला सोबत घ्या

पाड्यावर माणसे आधी भगताकडे जातात. रात्री दोन वाजताही दार उघडणारा तोच जवळचा माणूस असतो. त्याला शिव्या देऊन काही साधत नाही. आमचे म्हणणे एवढेच : भगतालाही गाडीत बसवा. त्याच्यामुळे घरच्यांना धीर येत असेल, तर तो धीर वाटेत येऊ दे, अंगणात नको. ‘आधी दवाखाना’ हे एकदा भगताच्याच तोंडून आले, तर आमच्या दहा लेखांचे काम होईल.

उजळणी

दंश टाळणे सर्वांत स्वस्त. शक्य तर खाटेवर झोपा. जमिनीवर झोपत असाल तर मच्छरदाणी अंथरुणाखाली नीट खोचा. रात्री बॅटरीशिवाय बाहेर पडू नका. लाकूडफाटा आणि पेंढा भिंतीला टेकून रचू नका. तिथे उंदीर येतो आणि उंदरामागे साप. गवतात हात घालण्याआधी काठीने हलवा.

येत्या रविवारी विहारात हे पान मोठ्याने वाचा आणि तीन प्रश्नांची उत्तरे मिळूनच द्या. आपल्या वस्तीपासून लस मिळणारे सर्वांत जवळचे ठिकाण कोणते, आणि रात्री तिथे कोण असते? मध्यरात्री कोणाची गाडी निघू शकते? शेजारच्या पाड्यावर हे कोण जाऊन सांगणार? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे फोन नंबरासह खडूने विहाराच्या भिंतीवर लिहा. तिसऱ्याचे उत्तर म्हणून कोणीतरी त्याच संध्याकाळी पाड्यावर जाऊन या.