मोटारसायकलच्या तापणाऱ्या मुठी : दोषशोधन आणि दुरुस्ती

थंड प्रदेशात मोटारसायकल चालविणाऱ्या मनुष्याच्या शरीरापैकी सर्वांत आधी गारठतात ते त्याचे हात. लेह हे नगर समुद्रसपाटीपासून सुमारे ३,५०० मीटर उंचीवर आहे, तर तेथून नुब्रा खोऱ्याकडे जाणाऱ्या मार्गावरील खारदुंग ला ही खिंड ५,३५९ मीटर उंचीवर आहे. दर हजार मीटर चढास हवेचे तापमान सरासरी साडेसहा अंश सेल्सिअसने उतरते. म्हणजे सकाळी लेहमध्ये १० अंश तापमान असले, तर खिंडीत ते शून्याच्याही खाली गेलेले असते. त्यात वाऱ्याची भर पडते. २००१ मध्ये कॅनडा व अमेरिका या देशांनी स्वीकारलेल्या सूत्रानुसार, शून्य अंश तापमानात ताशी ६० किलोमीटर वेगाचा वारा अंगावर घेणाऱ्यास उणे ९ अंशांइतकी थंडी जाणवते. वाऱ्यामुळे हवेचे तापमान उतरत नाही. मात्र त्वचेलगतचा उबदार हवेचा थर सतत वाहून जातो आणि शरीरातील उष्णता झपाट्याने बाहेर पडते.

अशा वेळी हृदय, फुप्फुसे इत्यादी अंतर्गत इंद्रिये उबदार राखण्यासाठी शरीर हातापायांच्या रक्तवाहिन्या आकुंचित करते. बोटे बधिर होतात. ही केवळ गैरसोय नव्हे. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन एका सेकंदात सुमारे १७ मीटर अंतर कापते. ब्रेकची दांडी दाबण्यास बधिर बोटांनी अर्धा सेकंद विलंब लावला, तर वाहन ८ मीटर पुढे गेलेले असते. घाटातील वळणावर हे अंतर प्राणांशी गाठ घालणारे ठरू शकते. म्हणून थंड प्रदेशातील वाहनांच्या मुठींत विजेच्या साहाय्याने ऊब देणारी योजना केलेली असते, आणि ती बिघडल्यास तिची दुरुस्ती वेळीच होणे अगत्याचे असते.

ऊब कशी उत्पन्न होते?

विद्युत्प्रवाह वाहकातून जाताना उष्णता निर्माण होते. ही उष्णता प्रवाहाचा वर्ग व वाहकाचा रोध यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात असते, हा नियम इंग्लिश शास्त्रज्ञ जेम्स ज्यूल याने १८४० च्या सुमारास प्रयोगांनी सिद्ध केला. प्रवाह, विद्युत्‌दाब व रोध यांचा परस्परसंबंध जर्मन शास्त्रज्ञ ओहम याने त्यापूर्वीच, १८२७ मध्ये प्रसिद्ध केला होता. तापणाऱ्या मुठींचे सारे दोषशोधन या दोन नियमांवर आधारलेले आहे.

उष्णता देणाऱ्या तारेचा रोध पुरेसा असावा लागतो, आणि तापल्यावर ती गंजूनही चालत नाही. १९०६ मध्ये अमेरिकेतील आल्बर्ट मार्श याने निकेल व क्रोमियम यांच्या मिश्रधातूचे एकस्व मिळविले. तांब्याच्या तुलनेने या मिश्रधातूचा रोध साठ पटींहून अधिक भरतो. शिवाय तिच्या पृष्ठभागावर ऑक्साइडचा पातळ पापुद्रा जमून आतील धातूचे रक्षण होते. मुठीच्या रबरात अशी तापक तार किंवा तिच्याच कार्याची पातळ पट्टी गुंडाळलेली असते.

उदाहरणादाखल, दोन्ही मुठी मिळून ३६ वॅट घेतात असे मानू. विद्युत्‌घटाचा दाब १२ व्होल्ट धरल्यास एकूण प्रवाह ३ अँपिअर होतो. दोन्ही मुठी समांतर जोडलेल्या असल्यास प्रत्येकीच्या वाट्यास दीड अँपिअर येतो आणि प्रत्येकीचा रोध ८ ओहम भरतो. काही रचनांत मंद उबेसाठी याच मुठी बटनाने एकसर जोडल्या जातात. मग एकूण रोध १६ ओहम होऊन प्रवाह पाऊण अँपिअरवर उतरतो, आणि उष्णता ९ वॅट, म्हणजे चतुर्थांश एवढीच राहते.

लक्षणांवरून निदान

दोन्ही मुठी एकाच वेळी थंड पडल्या, तर दोघींना सामाईक असलेल्या भागांत दोष शोधावा. वितळतार, बटन, रिले व वाहनाच्या सांगाड्याशी झालेली जोडणी हे ते भाग होत. समांतर जोडणीत एकच मूठ थंड राहिली, तर दोष त्या मुठीत किंवा तिच्या तारेत असतो. एकसर जोडणीत मात्र एक मूठ तुटली की दुसरीही बंद पडते, हे विसरता कामा नये.

उजवी मूठ डावीपेक्षा अधिक वेळा बिघडते, याचे कारण उघड आहे. इंजिनाचा वेग कमीअधिक करण्यासाठी ती सतत फिरवावी लागते. तिच्याबरोबर तारही वाकते व सरळ होते आणि मुठीच्या मुखाशी तिचे बारीक पदर एकेक करून तुटतात. मूठ विशिष्ट कोनात फिरविल्यावरच ऊब येत असेल, तर हाच दोष समजावा. मूठ फिरविताच वितळतार जळत असेल, तर तारेचे आवरण घासले जाऊन ती हँडलच्या धातूस टेकत आहे, असे अनुमान करावे.

मापन

पुढील परीक्षेसाठी मल्टिमीटर लागतो. प्रथम चावी बंद करून मुठींच्या तारांच्या जोडण्या सोडवाव्यात. मापकाची दोन टोके एकमेकांस टेकवून येणारे लहानसे वाचन टिपावे व पुढील मापनातून ते वजा करावे. नंतर प्रत्येक मुठीचा रोध मोजावा. वरील उदाहरणात तो ८ ओहमच्या आसपास आला, तर मूठ निर्दोष आहे. अनंत रोध म्हणजे तार तुटलेली; शून्याजवळचा रोध म्हणजे तारा आतल्या आत एकमेकींस चिकटलेल्या. मापन चालू असता उजवी मूठ सावकाश फिरवावी. वाचन मध्येच उसळले, तर अर्धवट तुटलेली तार सापडली. शेवटी मुठीची तार व हँडलचा धातू यांमधील रोध पाहावा; तो अनंतच असला पाहिजे.

मुठी निर्दोष असूनही केवळ कोमट होत असतील, तर दोष बहुधा गंजलेल्या जोडणीत असतो. अशा जोडणीचा रोध १ ओहम आहे असे समजा. मुठींचा एकत्रित रोध ४ ओहम असल्याने एकूण ५ ओहम होतात व प्रवाह २.४ अँपिअर उरतो. मग मुठींना ३६ ऐवजी २३ वॅटच मिळतात, आणि जवळजवळ ६ वॅट त्या लहानशा जोडणीत उष्णतेच्या रूपाने खर्च होतात. तिचे प्लॅस्टिक काळे पडते किंवा वितळते ते यामुळेच.

ही जोडणी शोधताना दाब नेहमी मुठी चालू ठेवूनच मोजावा. मुठी सोडवून मोजल्यास मापकातून नाममात्र प्रवाह वाहतो, त्यामुळे सदोष जोडणीत दाब खर्ची पडत नाही आणि पूर्ण १२ व्होल्ट दिसून फसगत होते.

दुरुस्ती

तार मुठीच्या बाहेर तुटली असेल, तर ती दुरुस्त करता येते. डाख दिलेला सांधा ताठर असतो. म्हणून तो वाकणाऱ्या जागेपासून दूर घ्यावा व त्यावर उष्णतेने आकसणारी नळी चढवावी. बारीक पदरांची लवचिक तार वापरून मुठीजवळ सैल वळसा ठेवावा. गंजलेल्या जोडण्या घासून स्वच्छ कराव्यात किंवा बदलाव्यात. वितळतार जळाल्यास तिच्या जागी जाड तार घालणे हा आगीस आमंत्रण देणारा प्रकार होय. ३ अँपिअर प्रवाहास ५ अँपिअरची वितळतार योग्य असते.

रबराच्या आत तुटलेला तापक सहसा दुरुस्त होत नाही. मूठच बदलावी लागते. जुनी मूठ लांबीच्या दिशेने चिरून काढावी आणि चिकटद्रव्याचे अवशेष काचकागद व स्पिरिट यांनी साफ करावेत. उजवी मूठ प्लॅस्टिकच्या फिरत्या नळीवर बसते, तर डावी थेट धातूच्या हँडलवर. त्यामुळे उजव्या मुठीचा आतील व्यास मोठा असतो. डावीची उष्णता मात्र धातूतून निसटते; म्हणून काही उत्पादक डावीकडील तापक अधिक शक्तीचा करतात. दोन्हींची अदलाबदल करू नये. फिरत्या नळीवर उंचवटे असल्यास ते कानशीने बेताने घासावेत.

चिकटद्रव्य थोड्याच वेळात घट्ट होते. म्हणून आधी मूठ कोरडीच बसवून पाहावी. उजवी मूठ शेवटपर्यंत फिरविली असता तार ब्रेकच्या दांडीत किंवा शेजारच्या भागात अडकत नाही ना, हे तपासावे. मूठ व शेजारचा भाग यांत थोडी फटही ठेवावी.

यानंतरची परीक्षा सर्वांत महत्त्वाची आहे. इंजिन बंद असता मूठ फिरवून सोडावी. ती तत्काळ मूळ जागी परतली पाहिजे. हँडल डावीकडे व उजवीकडे शेवटपर्यंत वळवून हीच परीक्षा पुन्हा करावी. मग इंजिन मंद गतीने चालू ठेवून हँडल दोन्ही बाजूंस वळवावे. इंजिनाची गती वाढता कामा नये. मूठ अडकत असेल, तर ती कितीही उत्तम तापत असली तरी वाहन रस्त्यावर नेऊ नये. थंड मुठीने हात गारठतो. अडकलेल्या मुठीने वाहन आवरत नाही.

काही आधुनिक वाहनांत मुठींचे नियंत्रण वाहनाच्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणेशी जोडलेले असते. तेथे त्या वाहनासाठी सांगितलेलीच मूठ वापरावी व उत्पादकाच्या पुस्तिकेतील क्रम पाळावा.

विजेचा हिशेब

मुठींना लागणारी वीज वाहनाच्या जनित्राकडून येते. दिवा, प्रज्वलन व घटाचे भरण यांस लागणारी शक्ती वजा जाता मुठींपुरती शक्ती उरते किंवा नाही, हे आधी पाहावे. इंजिन बंद असता ३ अँपिअरचा प्रवाह ९ अँपिअर-तासांचा घट हिशेबाने तीन तासांत रिता करील. इंजिन सुरू करण्याची शक्ती तर त्याच्या कितीतरी आधी संपेल. म्हणून मुठींचा प्रवाह चावीवर चालणाऱ्या रिलेमधून घ्यावा, म्हणजे चावी काढताच तो आपोआप खंडित होतो. निर्जन खिंडीत बंद पडलेल्या वाहनाजवळ रात्र काढण्याचा प्रसंग या लहानशा खबरदारीने टळतो.