सफरचंदावर अडकलेला आयफोन

प्रश्न : अपडेट करताना माझा आयफोन ११ सफरचंदाच्या चिन्हावरच अडकलाय. बॅकअप नाही. फोटो वाचतील का?

उत्तर : वाचू शकतात. फक्त घाईघाईत ‘रिस्टोअर’ दाबू नका, त्याने सगळं पुसलं जातं. फोन केबलने कॉम्प्युटरला जोडून मॅकवर फाइंडर, विंडोजवर आयट्यून्स उघडा. आवाज वाढवायचं बटण दाबून लगेच सोडा, मग कमी करायचंही तसंच. आता बाजूचं बटण दाबून धरा. सफरचंद दिसलं तरी सोडू नका. केबल आणि कॉम्प्युटरचं चित्र यायला हवं. बरेच जण सफरचंद दिसताच बोट काढतात. मग ‘अपडेट’ निवडा. डाउनलोडला १५ मिनिटांहून जास्त लागली आणि फोन त्या चित्राच्या स्थितीतून बाहेर पडला, तर घाबरू नका. डाउनलोड पूर्ण होऊ द्या आणि बटणं पुन्हा त्याच क्रमाने दाबा.