गळ टाकायला हवेची कयाक घेताना

दुकानात आधी नजर जाते ती रॉड अडकवायच्या नळ्यांवर आणि फिश फाइंडर बसवायच्या पट्टीवर. या गोष्टी नंतरही लावता येतात. रुंदी, तळ आणि हवेचे कप्पे मात्र एकदा घेतले की बदलत नाहीत, म्हणून निवड तिथूनच सुरू करायची.

त्याच्याही आधी पाणी ठरवा. धरणाच्या बॅकवॉटरमध्ये मरळ किंवा कटला धरायचा असेल, तर तुमचा मुख्य सामना वाऱ्याशी आहे. हवा भरलेली कयाक पाण्यात फारशी बुडत नाही, त्यामुळे उन्हाळ्यातल्या दुपारी वारा सुटला की ती पानासारखी वाहत जाते आणि वल्हं मारूनही तोंड सरळ राहत नाही. अशा पाण्यासाठी साधारण साडेतीन मीटर लांबीची आणि तळाखाली मोठं पातं, म्हणजे स्केग, लावता येणारी कयाक पाहा. उन्हाळ्यात धरण उतरलं की बुडालेल्या झाडांचे बुंधे वर येतात. स्केग काढता येणारं असेल, तर अशा उथळ जागी ते काढून पुढे जाता येतं.

खाडीत जिताडा आणि तांबोशी शोधणाऱ्यांचं गणित वेगळं आहे. खडकांना चिकटलेल्या कालवांच्या कडा सुरीइतक्या धारदार असतात. तिथे निव्वळ पातळ प्लास्टिकची, पोहण्याच्या तलावात खेळायची कयाक नेऊच नये. आत पॉलिस्टरचं विणलेलं कापड आणि दोन्ही बाजूंनी पीव्हीसीचा थर, अशी बांधणी घ्या. माहितीपत्रकावर 1000 डेनियर असा आकडा दिसला तर कापड जाडसर आहे असं समजा.

आता वजन. स्वतःचं वजन, कपडे, पिण्याचं पाणी, रॉड, बर्फाची पेटी, नांगर आणि मिळालेले मासे, सगळं धरा. समजा बेरीज 90 किलो झाली. कंपनीने दिलेल्या कमाल क्षमतेच्या दोन तृतीयांशापेक्षा जास्त भार टाकू नये, म्हणजे तुम्हाला किमान 135 किलो क्षमतेची कयाक लागेल. एकट्याने मासेमारी करणाऱ्याने दोघांची कयाक घ्यावी आणि एक बैठक काढून टाकावी, असं माझं स्पष्ट मत आहे. इंटेक्सच्या एक्सप्लोरर के-2 सारख्या दोघांच्या साध्या कयाकची रुंदी 91 सेंटीमीटर असते. मासा ओढत असताना एका बाजूला झुकावं लागतं, तेव्हा हीच रुंदी उपयोगी पडते.

तळाचे दोन मुख्य प्रकार. एकात शेजारी शेजारी नळ्या फुगतात आणि दाब कमी असतो, साधारण एक ते तीन पीएसआय. दुसऱ्याला ड्रॉप-स्टिच म्हणतात. त्यात वरचं आणि खालचं कापड आतून असंख्य धाग्यांनी बांधलेलं असतं, म्हणून सहा ते दहा पीएसआयपर्यंत हवा भरता येते आणि तळ फळीइतका ताठ होतो. बजेट ताणायचंच असेल तर ते इथे ताणा. नळ्यांच्या तळावर उभं राहून गळ फेकायचा विचारही करू नका. ताठ तळावरही उभं राहणं सरावानंतर, शांत पाण्यात आणि लाइफ जॅकेट घालूनच.

हवेचे किमान तीन स्वतंत्र कप्पे हवेत. दोन बाजूंचे आणि एक तळाचा असेल, तर गरी घुसून किंवा चिलापीच्या पाठीचा काटा लागून एक कप्पा फुटला तरी काठ गाठता येतो. नांगराची दोरी बांधायला पुढे आणि मागे भक्कम कड्या आहेत का तेही पाहा. वाहत्या पाण्यात नांगर बाजूला बांधला तर कयाक उलटू शकते.

कयाक घरी आली की परत करण्याची मुदत संपण्याआधी एक चाचणी करा. सावलीत, खोलीत, सांगितलेल्या दाबापर्यंत हवा भरा. शिवणी आणि व्हॉल्व्हवर साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का पाहा. मग चोवीस तास तशीच ठेवा. दाब मोजायचं गेज सोबत नसेल तर वेगळं विकत घ्या, अंदाजाने हवा भरू नका. ऊन हे त्याचं मोठं कारण. सकाळी 25 अंश तापमानात अडीच पीएसआय भरलेला कप्पा काठावर उन्हात राहिला आणि आतली हवा 55 अंशांवर गेली, तर दाब चारच्या आसपास चढतो. कमी दाबाच्या कप्प्यांच्या शिवणी अशाच सुटतात. म्हणून काठावर थांबताना थोडी हवा सोडा, आणि पाण्यात उतरल्यावर दहा मिनिटांनी, हवा थंड झाली की, दाब पुन्हा तपासा.

पीव्हीसीचं ठिगळ आणि त्याचाच गोंद जवळ ठेवा. सायकलच्या पंक्चरचं सोल्युशन रबरासाठी असतं, पीव्हीसीवर ते टिकत नाही. पावसाळ्यात कयाक पूर्ण वाळवून, उंदीर पोचणार नाहीत अशा जागी ठेवा.

धरणात उतरण्याआधी तिथल्या मच्छीमार सहकारी संस्थेला विचारा. बऱ्याच जलाशयांत मासेमारीचा हक्क ठेक्याने त्यांच्याकडे असतो, आणि जाळी कुठे लावली आहेत, बुंधे कुठे आहेत हेही त्यांनाच ठाऊक असतं. शेवटी पैशांबद्दल एक कळकळीची विनंती: चांगल्या लाइफ जॅकेटचे पैसे आधी बाजूला काढा आणि उरलेल्या रकमेत बसेल तीच कयाक घ्या.