कोयता पारखून घ्यावा

वाचकहो, ज्याला रानात जावे लागते त्याच्या कमरेला कोयता हवा. सरपण तोडायचे आहे. कुंपणाला काटी आणायची आहे. मांडवाला बांबू हवा आहे. पायवाट झुडपांनी बुजली आहे. राखणीला रात्र काढायची म्हणून खोप घालायची आहे. ही सारी कामे एका कोयत्याने होतात. कोकणात शेतकरी कमरेला आकडी बांधतो आणि तिच्यात कोयता अडकवतो. दोन्ही हात मोकळे राहतात आणि हत्यार हाताशी राहते.

बैल घेताना आपण काय करतो? दात बघतो. खूर बघतो. चालवून बघतो. चार जाणत्यांना विचारतो. कोयता घेताना मात्र चकचकीत दिसला की उचलतो! बैल वाईट निघाला तर पैसे बुडतात. कोयता वाईट निघाला तर बोट जाते. बोट गेले की मजुरी गेली आणि मजुरी गेली की चूल थंडावली. म्हणून हा धडा नीट वाचावा.

आम्ही शाळामास्तर. लोहारकाम आमच्या हातचे नाही. पण नोकरीच्या निमित्ताने गावोगावी राहिलो. लोहाराच्या भात्यापाशी आणि घिसाड्यांच्या पालावर बसलो. विचारले, ऐकले, डोळ्यांनी पाहिले. तेच येथे सोप्या शब्दांत सांगतो.

१. मिटणारा चाकू का नको?

बाजारात मिटणारे चाकू मिळतात. खिशात मावतात. फळ चिरायला, दोरी कापायला ठीक आहेत. पण त्यांचे पाते एका छोट्या खिळ्यावर फिरते. घाव घातला की सगळा जोर त्या खिळ्यावर येतो. खिळा ढिला झाला की पाते डुगडुगते, आणि एखाद्या वेळी आपल्याच बोटांवर मिटते.

म्हणून रानकामाला पाते आणि मूठ एकजीव असलेले हत्यार घ्यावे. ज्यात सांधा नाही, ते सांध्यात मोडत नाही.

२. देश तसे पाते

जगात सगळीकडे रानात जाणारी माणसे आहेत. प्रत्येकाचे हत्यार निराळे. फिनलंड देशात थंडी फार. तिथला माणूस ‘पुक्को’ नावाची लहान सुरी कमरेला बाळगतो. तिचे पाते जेमतेम चार बोटे लांब. तेवढ्याने त्याचे भागते, कारण मोठे लाकूड तो कुऱ्हाडीने फोडतो. नेपाळात खुकरी. तिचे पाते पुढे वाकलेले आणि पुढेच जड, म्हणून घाव खोल बसतो. मलेशिया देशात दाट, ओले जंगल. तिथे वेली आणि फांद्या सपासप तोडायला लांब पात्याचा ‘पारांग’ वापरतात.

आपल्याकडे बांबू आहे, करवंदीची जाळी आहे, बाभळीचा काटा आहे. म्हणून आपला कोयता. त्याचे नाक आत वळलेले असते. त्या नाकाने काटेरी फांदी ओढून घेता येते, हात काट्यात घालावा लागत नाही. नाक पुढे असल्यामुळे जमिनीलगत तोडताना धार एकदम दगडावर आपटत नाही. परदेशी सुरी चित्रात कितीही सुंदर दिसो, आपल्या रानाला आपला कोयताच बरा.

३. लोखंड आणि पोलाद

‘कोयता लोखंडाचा असतो,’ असे आपण म्हणतो. हे अर्धेच खरे. मऊ लोखंडाची धार टिकत नाही. दोन घावांत ती वळते. धारेला पोलाद हवे.

दोहोंत फरक काय? पोलादात कोळशाचा अंश अधिक असतो. त्याला कार्बन म्हणतात. खिडकीच्या गजाच्या साध्या लोखंडात शंभर भागांत पाव भागाच्या आसपास किंवा त्याहून कमी कार्बन असतो. धारेच्या पोलादात अर्धा ते पाऊण भाग असतो. एवढ्याशा फरकाने केवढा फरक पडतो! दुधात विरजण किती घालतो? चमचाभर. पण सगळ्या दुधाचे दही होते. तसेच हे.

ट्रकच्या चाकांवर कमानीसारख्या वाकलेल्या पट्ट्या असतात. त्यांना पाटे म्हणतात. ते चांगल्या पोलादाचे असतात. म्हणून जाणते गिऱ्हाईक लोहाराला म्हणते, “मामा, पाट्याचा कोयता करून द्या.” मात्र रस्त्यावर झिजून तडकलेला पाटा नको. त्यातली चीर कोयत्यात उतरते.

न गंजणारे स्टीलही मिळते. त्याला पाण्याची, लिंबाची, मासळीची भीती नाही. पण स्वस्त स्टीलची धार लवकर जाते. चांगले स्टील महाग, आणि ते घरच्या दगडावर सहज पाजळत नाही. ज्याला रोज लाकूड तोडायचे, त्याने साधे पोलाद घ्यावे आणि ते पुसून ठेवावे.

ही विद्या आपल्याला नवी नाही. नागपूर जिल्ह्यात नायकुंड नावाचे गाव आहे. तिथे १९७८ ते १९८० या काळात उत्खनन झाले. जमिनीखाली लोखंड गाळायची भट्टी सापडली. ती अडीच हजारांहून अधिक वर्षांपूर्वीची आहे. म्हणजे लोहाराचा भाता आपल्या देशात किती जुना, ते बघा!

४. पाणी देणे

पोलाद चांगले, पण लोहाराने पाणी नीट दिले नाही, तर कोयता वाया गेला. पाणी देणे म्हणजे काय?

लोहार पाते लाल होईपर्यंत तापवतो. मग धारेकडची बाजू पाण्यात किंवा तेलात बुडवतो. चर्र आवाज होतो. धार काचेसारखी कडक होते. पण काच कडक असते आणि फुटकीही असते. तशीच ती धार लाकडावर फुटेल. म्हणून लोहार पाते पुन्हा थोडे तापवतो. घासून उजळ केलेल्या पात्यावर रंग चढू लागतात. आधी पिवळट, मग तपकिरी, मग जांभळा, मग निळा. लहान सुरीला पिवळट-तपकिरी रंगावर थांबतात, कारण तिला तीक्ष्ण धार हवी. घाव घालायच्या कोयत्याला जांभळ्या-निळ्या रंगापर्यंत नेतात, कारण त्याला मार सोसायचा असतो.

कोयत्याची पाठ मऊ ठेवतात. धार कडक, पाठ मऊ. घाव धारेने घालायचा आणि हिसका पाठीने सोसायचा. घरात एक कडक आणि एक सोशिक माणूस असले की संसार टिकतो, तसेच हे आहे.

५. मूठ

पुष्कळ अपघात धारेने होत नाहीत, मुठीने होतात. पात्याचे मागचे टोक नुसते मुठीत ठोकलेले असते. उन्हाळ्यात लाकूड वाळते, आकसते आणि भोक सैल होते. एक दिवस घाव घालताना पाते सुटून उडते. पुढे कोण उभे असेल, हे ते बघत नाही.

म्हणून पात्याचे टोक मुठीच्या शेवटापर्यंत गेलेले आणि बाहेर मुरडलेले असावे. किंवा पातेच मुठीइतके लांब असावे, आणि त्याच्या दोन्ही अंगांना लाकडी फळ्या आरपार खिळ्यांनी जखडलेल्या असाव्यात. मुठीच्या तोंडाशी लोखंडी कडे असले की लाकूड फाटत नाही.

मुठीला वाळलेले बाभळीचे किंवा धामणीचे लाकूड चांगले. मूठ फार गुळगुळीत नसावी. घामाच्या हातातून ती निसटते. मागचे टोक थोडे जाड असावे, म्हणजे हाताला अडण मिळते.

६. ज्याच्या त्याच्या हाताचा

दुसऱ्याचा जोडा आपल्या पायाला होत नाही. दुसऱ्याचा कोयताही आपल्या हाताला होईलच असे नाही.

लाकूडतोडीला अर्धा ते पाऊण किलो वजनाचा कोयता पुरतो. पाठ पाच-सहा मिलिमीटर जाड असावी. बांबूच्या कामट्या काढायला, कुडाचे काम करायला याहून पातळ आणि हलका बरा. जड कोयता घेण्यात मर्दुमकी नाही. दहा घावांत खांदा भरला, तर अकरावा घाव वाकडा पडतो आणि गुडघ्यावर येतो. बायाबापड्याही सरपणाला रानात जातात. घरात एकच जड कोयता असेल तर तो त्यांनाही ओढावा लागतो. त्यांच्या हाताचा वेगळा कोयता घ्यावा. हा खर्च वायफळ नाही.

आणखी एक गोष्ट. काही कोयत्यांना एकाच बाजूने उतार असतो. तासकामाला तो छान. पण तो बहुधा उजव्या हातासाठी केलेला असतो. डावखुऱ्या माणसाच्या हातात तो भलतीकडे ओढतो. डावखुऱ्याने उलट्या उताराचा करवून घ्यावा, किंवा दोन्ही बाजूंनी उतार असलेला घ्यावा.

७. बाजारात करायच्या सहा परीक्षा

एक : पाठीवरून एक डोळा मिटून बघा. पाते सरळ दिसले पाहिजे.

दोन : मूठ सैलसर धरा आणि पात्यावर हलके टिचकी मारा. खणखणीत आवाज आला तर बरे. मडके फुटके असल्यासारखा बद्द आवाज आला, तर कुठेतरी चीर आहे किंवा मूठ ढिली आहे.

तीन : पात्यावर जाड रंग असेल तर सावध. रंगाखाली चीर लपते. धारेजवळ उजेडात बारकाईने बघा.

चार : लोहाराची कानस घ्या आणि धारेवर हलकेच फिरवा. कानस लोण्यासारखी रुतली, तर धार मऊ. कानस काचेवरून घसरावी तशी घसरली, तर धार फुटकी असू शकते. थोडी लागावी, थोडी घसरावी.

पाच : मूठ धरून झटका द्या. पाते जरासुद्धा हलता कामा नये.

सहा : वाळक्या बांबूवर चार घाव घाला. मग धार बघा. वळली तर पाणी कमी. दात पडले तर पाणी जास्त. जशीच्या तशी राहिली तर पैसे मोजा.

चांगला लोहार या परीक्षांना रागावत नाही. उलट म्हणतो, “बघा दादा, खुशाल बघा!” जो बघू देत नाही, त्याच्याकडून घेऊ नका.

८. जपणूक

काम झाले की कोयता पुसावा आणि तेलाचे बोट फिरवावे. ओल्या म्यानात ठेवू नये. धार दगडावर पाणी घालून सावकाश पाजळावी. विजेच्या चाकावर जोराने घासली की धार तापते. ती निळी पडली, तर तिथले पाणी उतरले असे समजावे. कोयता चुलीत घालून निखारे सारू नयेत. त्यानेही पाणी उतरते. लोहाराने दिवसभर राबून दिलेला गुण आपण एका घटकेत घालवतो.

तोडताना जवळपास कोणी उभे राहू देऊ नये. घाव आपल्या अंगापासून दूर जाईल असा घालावा. कोयता दुसऱ्याला देताना हवेत फेकू नये. खाली ठेवावा, दुसऱ्याने उचलावा. रात्री तो पोरांच्या हाती लागणार नाही असा ठेवावा.

इतके करूनही लागले, तर जखमेवर स्वच्छ फडके दाबून धरावे. रक्त थांबल्यावर साबणाने आणि स्वच्छ पाण्याने धुवावी. माती, शेण, तंबाखू काही लावू नये. धनुर्वाताचे जंतू मातीत आणि शेणातच असतात. दवाखान्यात जावे. पाच वर्षांत धनुर्वाताची सुई घेतली नसेल, तर तसे डॉक्टरांना सांगावे.

९. कायद्याच्या दोन गोष्टी

१९५९ च्या शस्त्र कायद्यात, केवळ घरकामासाठी व शेतीकामासाठी बनवलेल्या वस्तू शस्त्र धरलेल्या नाहीत. पण कोयता शेतात शोभतो, जत्रेत नाही. तालुक्याला धार लावायला न्यायचा, तर गोणपाटात बांधून न्यावा. भांडणात तो उचलला, तर मग तो शेतीचा राहत नाही.

दुसरी गोष्ट अभयारण्याची. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे लेखी परवानगीशिवाय अभयारण्यात हत्यार घेऊन जाता येत नाही, आणि त्या कायद्यात सुरी हेही हत्यारच आहे. ज्यांचे गाव अभयारण्याला लागून आहे, त्यांनी हद्द कुठे आहे ते वनरक्षकाला विचारून घ्यावे. न विचारता गेलो आणि खटला लागला, तर कोयत्याच्या किमतीच्या कितीतरी पट पैसे तारखांना जातात.

वाचकहो, आता तुम्हांला वाचता येते. वाचलेले हातात उतरले पाहिजे. येत्या बाजाराच्या दिवशी हे पुस्तक बरोबर न्या. सहा परीक्षा एकेक करून वाचा आणि पाते पारखा. घरात जुना कोयता असेल, तर आज संध्याकाळीच त्याची मूठ हलवून बघा.

प्रश्न

१. मिटणारा चाकू रानकामाला का चालत नाही?
२. कोयत्याची धार कडक आणि पाठ मऊ का ठेवतात?
३. कोयत्याचे पाणी कशाकशाने उतरते?
४. तुमच्या घरातल्या कोयत्याचे पाते मुठीत कसे बसवले आहे? बघा आणि दोन ओळी लिहा.